व्हील बेअरिंगची घूं घूं आणि गॅरेजमधले समज

साठच्या पुढे वेग गेला की खालून घूं घूं सुरू होते आणि वेगाबरोबर चढत जाते. गॅरेजमध्ये यावर दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, "टायर खाल्लेत". दुसरं, "ग्रीस मारून देतो". पहिलं कधीकधी खरं निघतं. दुसरं आजच्या कारमध्ये जवळपास कधीच नाही.

ग्रीसचा सल्ला जुन्या काळी बरोबरच होता. हेन्री टिमकेन यांनी 1898 मध्ये पेटंट मिळवलेलं टेपर रोलर बेअरिंग उघडता येतं, धुता येतं, नवं ग्रीस भरून पुन्हा बसवता येतं. ट्रक आणि ट्रेलरच्या चाकांत ते आजही आहे. बहुतेक आधुनिक कारमध्ये मात्र छर्र्यांच्या दोन ओळींचं, कारखान्यातच ग्रीस भरून सील केलेलं बेअरिंग येतं. ते उघडायचं नसतंच. शिवाय बेअरिंग वाजायला लागतं तोवर बहुधा छर्रे फिरतात ती वाटच सोलवटू लागलेली असते. खड्डे पडलेलं पोलाद ग्रीसनं भरून निघत नाही.

टायर की बेअरिंग, हे ओळखता येतं. डांबरी रस्ता सोडून काँक्रीटवर गेलात आणि आवाजाचा सूर बदलला, तर टायरवर संशय घ्या. मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावीकडे वळवा. भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग तपासा. दोन ओळींच्या बेअरिंगमध्ये हा नियम कधीकधी उलटाही पडतो, म्हणून तेवढ्यावर निकाल देऊ नये. पुढचे-मागचे टायर अदलाबदल करून पाहिले की उरलेली शंका फिटते.

"चाक हलत नाही, म्हणजे बेअरिंग ठणठणीत," हेही खरं नाही. चाक वर-खाली धरून हलवल्यावर जाणवणारा प्ले बराच उशिरा येतो, आवाज त्याच्या कितीतरी आधी. आणि प्ले सापडला तरी तो बॉल जॉइंटचा असू शकतो. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर बहुधा बेअरिंगच. याहून चांगली परीक्षा म्हणजे गाडी जॅकवर घेऊन स्टँडवर टेकवायची, एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवायचं. बिघडलेल्या बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते.

"नुसता आवाजच आहे, चालवू अजून." चालवतात खरे. पण प्ले वाढला की डिस्क डगमगते, ब्रेक पॅड मागे ढकलले जातात आणि पेडल अचानक खोल जातं. बेअरिंग तापून जाम होऊ शकतं, टोकाच्या प्रसंगी चाकही निसटतं.

सगळ्यात महागात पडणारा समज बसवण्याबद्दलचा आहे: हातोडा आणि जुनी रिंग असली की झालं. नकलमध्ये, म्हणजे चाकाचं बेअरिंग धरणाऱ्या भागात, प्रेसनं बेअरिंग दाबताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर हवा. नंतर हब आत दाबताना आधार आतल्या रिंगला हवा. यात उलटापालट झाली की सगळा दाब छर्र्यांमधून जातो आणि वाटेवर बारीक खळगे पडतात. बेअरिंग पहिल्याच दिवशी जखमी होतं, थोड्याच दिवसांत वाजू लागतं आणि खापर फुटतं "डुप्लिकेट माला"वर. बनावट माल बाजारात आहे, नाही असं नाही. पण माझ्या मते अशा तक्रारींत प्रेसवरचा हात आधी तपासावा.

एबीएस असलेल्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडे हवी. उलटी बसली की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि सगळं काम पुन्हा, तेही नव्या बेअरिंगसह, कारण दाबून बाहेर काढलेलं बेअरिंग परत वापरू नये. या पट्टीजवळ चुंबक नेऊ नका. शेवटी एक्सल नट. तो गननं अंदाजे आवळायचा नसतो. त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला टॉर्क टॉर्क रेंचनं द्यायचा, कंपनीनं सांगितलं असेल तिथे नट नवा घ्यायचा. आणि नट पक्का होईपर्यंत गाडीचं वजन त्या चाकावर उतरवायचं नाही, कारण आतल्या रिंगचे दोन भाग त्या नटाच्याच दाबानं एकत्र राहतात.

जोडीनंच बदलावं लागतं का? नाही. शॉकॲब्सॉर्बरचा नियम इथे लागू नाही. ठरावीक किलोमीटरला बदलायचाही हा भाग नव्हे. एखादं बेअरिंग लाखभर किलोमीटर कुरकुरत नाही, एखादं हबपर्यंतच्या पाण्यातून दोनदा गेलं की सीलमधून पाणी घेऊन बसतं. खोल खड्ड्यातला दणका आणि हौसेनं लावलेले स्पेसर हेही आयुष्य कमी करतात.

अलाइनमेंटचं मात्र गाडीवर ठरतं. नकल स्ट्रटपासून सोडवून प्रेसवर न्यावा लागला असेल तर कॅम्बर हललेला असू शकतो, तपासून घ्या. चार बोल्टांनी बसणारं अख्खं हब युनिट असेल तर प्रेसही नको आणि सहसा अलाइनमेंटही नको. कुणी त्याचे पैसे लावले तर कशासाठी, हे विचारा.