फवारणीचे औषध आणि गर्भातील बालकाची बुद्धी

कीटकनाशकाची विषबाधा झाल्यास डोके दुखते, मळमळते, तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. ही लक्षणे बहुतेक शेतकऱ्यांच्या परिचयाची आहेत. परंतु मातेला यांपैकी कोणताही त्रास झालेला नसताना तिच्या पोटातील बालकास अपाय होऊ शकतो, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही.

ऊस, कापूस आदी पिकांवर वापरले जाणारे क्लोरपायरिफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील औषध होय. या वर्गातील औषधे किडीच्या मज्जासंस्थेवर आघात करतात. मज्जातंतूंमधील संदेश पोहोचल्यावर तो थांबविणारे एक विकर शरीरात असते. औषध त्या विकरासच निकामी करते. हेच विकर माणसाच्या शरीरातही आहे. क्लोरपायरिफॉस मातेच्या रक्तातून वारेवाटे गर्भात उतरते. त्याचा निचरा करण्याची शक्ती गर्भात फारच थोडी असते आणि मेंदूची घडण नेमकी त्याच काळात चालू असते. रोप लागताना बसलेला ताण पुढे कितीही पाणी दिले तरी पुरता भरून निघत नाही, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील सॅलिनास खोरे भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथे बर्कलेच्या विद्यापीठाने १९९९-२००० मध्ये सुमारे ६०० गर्भवती स्त्रियांची नोंद करून त्यांच्या मुलांचा पुढे अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांपैकी बहुतेक कुटुंबे मेक्सिकोतून आलेल्या शेतमजुरांची होती. गरोदरपणी मातांच्या लघवीत या औषधांचे अवशेष मोजण्यात आले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सर्वाधिक अवशेष आढळलेल्या मातांच्या मुलांचा सातव्या वर्षीचा बुद्ध्यंक सर्वांत कमी अवशेष असलेल्या मातांच्या मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी भरला. मातेचे शिक्षण, घरचे वातावरण इत्यादी गोष्टी हिशेबात घेऊनही हा फरक राहिला. जन्मानंतर मुलांच्याच लघवीत सापडलेल्या अवशेषांशी मात्र असा सुसंगत संबंध दिसला नाही.

न्यूयॉर्कसारख्या शहरातही, जेथे हे औषध घरातील झुरळांसाठी वापरले जाई, नाळेच्या रक्तातील क्लोरपायरिफॉस आणि कमी बुद्ध्यंक यांचा संबंध आढळला. २००१ अखेर तेथे त्याचा घरगुती वापर बहुतांशी बंद झाला व नवजात बालकांच्या रक्तातील प्रमाण झपाट्याने उतरले. २०२५ मध्ये स्टॉकहोम करारातील राष्ट्रांनी काही सवलती ठेवून हे रसायन वापरातून काढून टाकावयाच्या यादीत घातले.

अशा पाहण्यांवरून अमुक एका मुलाविषयी निदान करता येत नाही, हे खरे. सात गुणांची तूट मुलाकडे पाहून ओळखूही येत नाही. शाळेत ते मागे पडले, तर दोष त्याच्याच माथी येतो.

डब्यावरील लाल, पिवळ्या, निळ्या वा हिरव्या त्रिकोणावर याबाबतीत विसंबू नये. तो रंग औषध तत्काळ किती घातक आहे एवढेच दर्शवितो; गर्भावरील परिणाम त्यावरून कळत नाही. तसेच गर्भाच्या मेंदूची पहिली रचना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच सुरू होते. त्या वेळी दिवस गेल्याचे पुष्कळदा स्त्रीसही ठाऊक नसते. सबब खबरदारी केवळ गरोदर स्त्रीपुरती ठेवून भागणार नाही; ती साऱ्या घराने घ्यावयास हवी.

आपल्याकडे पंप पुरुषाच्या पाठीवर असला, तरी पिंपात पाणी भरणे, फवारलेल्या शेतात निंदणी वा वेचणी करणे आणि फवारणीचे कपडे धुणे ही कामे बहुधा स्त्रियाच करतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी म्हणून सल्ला देताना घरातील स्त्रियांसही बोलवावे. फवारणाऱ्याने आपले कपडे स्वतःच वेगळे धुवावेत व स्नान केल्यावाचून घरात वावरू नये. गरोदर स्त्रीने, तद्वतच मूल व्हावे अशी इच्छा असलेल्या स्त्रीने, औषध कालविण्यास हात लावू नये. फवारलेल्या शेतात किती दिवस जाऊ नये हे डब्यासोबतच्या पत्रकात पाहावे. औषध स्वयंपाकघरात वा धान्याजवळ न ठेवता कुलपात ठेवावे. रिकामा डबा तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओतावे आणि डब्यास भोके पाडावीत, म्हणजे त्यात कोणी तेल वा पाणी साठविणार नाही.