शिरोरेषा आणि पहिले वाक्य

मुलाचे पहिले लेखी वाक्य त्याच्याच तोंडचे असावे, हे तत्त्व आता बहुतेक शिक्षकांस मान्य आहे. त्या वाक्यातील शब्द कोठे संपतो हे मुलास कसे उमगावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. 'माय मळ्यात गेली' हे मूल एका दमात म्हणते. पाटीवर त्याचे तीन तुकडे का पडावेत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील आमच्या फोपनारसारख्या गावी ही अडचण दुणावते. घरी मराठी, कचेरीच्या कागदांत हिंदी. लिपी एकच असल्यामुळे हाताचे वळण एकदाच बसवावे लागते, ही मोठीच सोय होय. परंतु हिंदीत 'घर में' हे दोन शब्द, तर मराठीत 'घरात' हा एकच. हिंदी वाचणारे मूल मग 'घरा त', 'मळ्या त' असे लिहिते. आपण त्यास निष्काळजीपणा म्हणतो; वस्तुतः त्याने एका भाषेचा नियम दुसरीस प्रामाणिकपणे लावलेला असतो. तांबड्या शाईने तो सुटणारा नव्हे.

येथे शिरोरेषा साहाय्यास येते. मोडीत आधी ओळभर रेघ ओढीत व मग तिच्याखाली अक्षरे लिहीत. शब्द सुटे करण्याची रीत नव्हती. बाळबोधीत मात्र दर शब्दाला त्याची स्वतंत्र रेघ. म्हणून अक्षरागणिक रेघ न ओढविता, शब्दाची सर्व अक्षरे लिहून झाल्यावर, तो शब्द मोठ्याने म्हणत, एकच रेघ ओढवावी. 'मळ्या'पाशी हात थांबला तर तेवढेच म्हणावयास सांगावे. मळा ठाऊक आहे, पण नुसते 'मळ्या' काय? कानास अपुरे वाटले की हात आपोआप 'त'पर्यंत जातो. (भ आणि ध यांच्या माथ्यावर रेघ किंचित तुटू द्यावी, नाहीतर भचा म आणि धचा घ होतो!)

'ग म भ न' हा जुना क्रम वळणासाठी उत्तम आहे, वाक्यासाठी नव्हे. त्या अक्षरांतून 'गमन' आणि 'नमन' निघतात, आणि ते शब्द पाच वर्षांच्या कोणत्याही मुलाच्या तोंडी नसतात. वाक्य त्याने सांगावे, शिक्षकाने फळ्यावर लिहावे, त्याने ते बोटाने गिरवून मग पाटीवर उतरावे.

'माय'ची 'आई' करण्याची घाईही नको. आमच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींस लिहिता येत नव्हते; इतरांनी टिपून ठेवलेली त्यांची गाणी १९५२ साली छापली गेली, ती बोलीतच. प्रमाण रूप तिसरी-चौथीत शिकविता येते. पहिलीत 'माय' खोडली, तर मूल पुढचे वाक्य सांगावयासच कचरते.

राहिला प्रश्न वाक्याच्या शेवटाचा. हिंदीच्या सवयीने मूल उभा दंड देते, आजच्या मराठीत टिंब. आपल्या पोथ्यांतूनही दंडच असे. तेव्हा पहिले वर्षभर दोन्ही चालू द्यावीत.