घर : मुलाची पहिली शाळा

पुणे जिल्ह्यातील मावळ हा भाताचा मुलूख आहे. आषाढात लावणी सुरू झाली, की लोणावळ्यापासून वडगावपर्यंतच्या गावांतील धडधाकट माणसे सकाळीच खाचरांत उतरतात. तान्हे मूल घरी आजीजवळ किंवा थोरल्या बहिणीच्या कडेवर राहते. ते नुसते खाते, झोपते व रडते. त्याचे शिक्षण पुढे शाळेत सुरू होईल, असे पुष्कळांना वाटते. परंतु ही समजूत बरोबर नाही.

जन्मतः मुलाच्या मेंदूचे वजन प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे चौथाईएवढे असते. सहाव्या वर्षापर्यंत ते सुमारे नऊदशांश होते. या काळात मेंदूतील पेशी एकमेकींशी असंख्य धाग्यांनी जोडल्या जातात. डोंगरातली रोज वहिवाटीची पायवाट मळते आणि न वापरलेली गवतात बुजून जाते. या धाग्यांचेही तसेच आहे. जे वापरात येतात ते बळकट होतात. उरलेले गळून पडतात.

हे धागे बळकट करण्याचे काम घरात सहज घडत असते. आजी सुपात तांदूळ निवडू लागली, की जवळ बसलेले मूल दाणे चिमटीत धरू पाहते. त्याने बोटांना वळण लागते. 'हा बघ कावळा', असे ती म्हणते, तेव्हा नाव आणि वस्तू यांची गाठ पडते. मूल 'बा, बा' म्हणते, आजी हसून उत्तर देते, आणि संभाषणाचा पहिला पाठ होतो. पोषक अन्न, स्वच्छता व पुरेशी झोप यांइतकीच मुलाला या बोलण्याची व मायेची गरज असते.

याचा पडताळा रुमानिया देशात आला. तेथील अनाथालयांत मुलांना अन्न व निवारा मिळे. पण एकेका दाईकडे बरीच मुले असल्याने त्यांच्याशी बोलणारे कोणी नसे. इ. स. २००० नंतर अशा १३६ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निवडून कुटुंबांत ठेवण्यात आले. ही मुले बुद्धीत व भाषेत इतरांहून पुढे गेली. दोन वर्षांच्या आत ज्यांना घर लाभले, त्यांची प्रगती विशेष झाली.

मात्र धाकट्याला सांभाळण्यासाठी थोरल्या बहिणीची शाळा बुडावी, हे योग्य नव्हे. ही अडचण ताराबाई मोडक यांनी ओळखली. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी जन्मास आली. महागड्या साधनांऐवजी तेथे शंख, शिंपले, बिया व पाने आली. पुढे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा त्यांनी एकत्र आणल्या. त्यामुळे धाकटे भावंड पाळणाघरात ठेवून बहीण निश्चिंतपणे वर्गात बसू लागली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने देशात बालविकासाची योजना सुरू केली. तिची केंद्रे आज 'अंगणवाडी' याच नावाने ओळखली जातात.

घर गरिबाचे असो वा श्रीमंताचे, लहान मुलाशी दोन शब्द प्रेमाने बोलण्यास पैसा लागत नाही. ते काम घरातील मोठी भावंडेही करू शकतात. बाळाच्या हाती पान द्यावे, त्याचे नाव सांगावे आणि बाळ काय बोलते ते लक्षपूर्वक ऐकावे. एवढ्यानेही त्याच्या शिक्षणाला हातभार लागतो.