ज्वारीच्या ताटातील जीवनसत्त्वे

ज्वारीची भाकरी, वरण किंवा पिठले, एखादी पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक हे जालना जिल्ह्यातील शेतकरी घरांतले ओळखीचे जेवण. माणसाला एकूण 13 जीवनसत्त्वे लागतात आणि त्यांपैकी बहुतेक या ताटात मिळतात. मात्र त्यासाठी ताट पूर्ण असावे लागते. दुष्काळात, महागाईत किंवा सुगीच्या घाईत आधी भाजी सुटते, मग ताक आणि फळ. भाकरी आणि ठेचा तेवढा उरतो. उणीव तिथून सुरू होते.

नुसत्या ज्वारीवर राहिल्याने काय होते, याचा अभ्यास दख्खनच्या याच पठारावर झाला आहे. जालना 1948 पर्यंत ज्या संस्थानात होते, त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, पुढे राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. तिथे 1960 च्या सुमारास डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी दख्खनमधील ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांत आढळणाऱ्या पेलाग्रा या रोगाचा शोध घेतला. या रोगात उन्हात उघड्या राहणाऱ्या मानेवर, हातांवर आणि पायांवर त्वचा काळवंडून सोलते, जुलाब होतात आणि पुढे मनाचा तोलही ढळतो. मूळ कारण नायासिन, म्हणजे ब-3 जीवनसत्त्वाचा अभाव. ज्वारीत नायासिन असते. पण तिच्यातील ल्युसिन या अमिनो आम्लाचे प्रमाण जास्त असल्याने शरीरातील नायासिनच्या घडणीत अडथळा येतो, असे या संशोधकांनी मांडले. या मांडणीवर पुढे बरीच चर्चा झाली. निर्विवाद गोष्ट एवढीच की, रोग भाकरीमुळे नव्हे, भाकरीसोबत काहीच नसल्यामुळे बळावत होता.

म्हणून शेंगदाण्याच्या चटणीला केवळ तोंडी लावणे समजू नये. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 12 मिलिग्रॅम नायासिन असते. बैठे काम करणाऱ्या पुरुषाची रोजची गरज 14 आणि स्त्रीची 11 मिलिग्रॅम धरली जाते. मूठभर दाण्यांतून तीनेक मिलिग्रॅमची सोय होते. दुधातील ट्रिप्टोफॅन या घटकापासूनही शरीर नायासिन तयार करते, तेव्हा दूध-भाकरी हा जुना मेळही चांगला.

डाळींतून ब गटातील थायमिन आणि फोलेट मिळते. जिल्ह्यातील बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र तुरीच्या वाणांसाठी ओळखले जाते. ‘बीडीएन 711’ हा वाण तिथलाच. फोलेट स्त्रियांसाठी विशेष महत्त्वाचे, कारण गर्भाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच घातला जातो. तोवर अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून चिमूटभर सोडा टाकतात. डाळ शिजते, पण सोड्यामुळे थायमिन नष्ट होते. त्यापेक्षा डाळ आधी भिजत घालणे केव्हाही बरे. मटकी, मूग, हुलगे यांना मोड आणले की पोटात वात धरणाऱ्या शर्करा कमी होतात आणि कोरड्या दाण्यात जवळपास नसलेले क जीवनसत्त्व तयार होते. उसळीने ज्यांचे पोट फुगते, त्यांनी भिजवलेले पाणी टाकून द्यावे आणि मोडाचे धान्य नीट शिजवावे.

पालेभाज्यांच्या बाबतीत हा भाग श्रीमंत आहे. तांदुळजा, चाकवत, करडई, अंबाडी, शेवग्याचा पाला, हरभऱ्याची भाजी यांत फोलेट व के जीवनसत्त्व असते आणि शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवते ते बीटा कॅरोटिनही असते. अ, ड, ई आणि के ही चार जीवनसत्त्वे स्निग्ध पदार्थांत विरघळणारी, त्यामुळे भाजीला फोडणी हवीच. करडईचे तेल वापरले तर ई जीवनसत्त्वाची भर पडते. भाजी चिरून मग धुणे आणि तिचे उकळलेले पाणी ओतून देणे, या दोन सवयींनी मात्र पाण्यात विरघळणारी ब आणि क जीवनसत्त्वे मोरीत जातात.

क जीवनसत्त्वाची तर जिल्ह्यातच बाग आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तसेच इथल्या दगडी ज्वारीलाही. मोसंबीच्या 100 ग्रॅम गरात 45 ते 50 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. प्रौढ पुरुषाला दिवसाला 80 आणि स्त्रीला 65 मिलिग्रॅम लागते. ही दोन पिके एका ताटात यावीत असे वाटण्यामागे ठोस कारण आहे. ज्वारीतील फायटिक आम्ल लोह आणि जस्त बांधून ठेवते, तर क जीवनसत्त्व लोह शोषले जाण्यास मदत करते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने 2018 मध्ये ‘परभणी शक्ती’ हा जास्त लोह आणि जस्त असलेला ज्वारीचा वाण दिला, त्याचाही पूर्ण लाभ असाच घेता येतो. जेवणासोबत मोसंबी नसेल तर लिंबाची फोड चालते. जेवणावर लगेच चहा घेतल्यास उलट होते. त्यातील टॅनिन लोह अडवते. मोसंबीचा रस गाळला की चोथा जातो, वर साखर पडते. फळ सोलून खाणेच चांगले.

चोथ्याचा प्रश्न पचनाशी बांधलेला आहे. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात. त्यांनी मळ मऊ राहतो आणि आतड्यांतील उपयुक्त जिवाणूंना खाद्य मिळते. पोळी-भाताची सवय असलेल्याने एकदम दोन्ही वेळा भाकरी सुरू केली तर पोट फुगते. आठवडाभरात हळूहळू वाढवावे आणि पाणी भरपूर प्यावे. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने गव्हाचा त्रास होणाऱ्यांनाही ती चालते. ज्वारीच्या पिठाची ताकात आंबवलेली आंबील पचायला हलकी; आंबवल्याने फायटिक आम्लही कमी होते.

ब-12 मात्र वनस्पतींतून मिळत नाही. शाकाहारी घरांत त्याचा आधार दूध, दही आणि ताक. इतरांना अंडी, मासे, मटण. यकृतात साठा असल्याने उणीव उशिरा उघड होते: थकवा, जिभेची आग, हातापायांना मुंग्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत त्याचे शोषण घटू शकते. पित्ताच्या गोळ्या मनाने घेत राहण्याचा हा धोका फारसा बोलला जात नाही. छातीतली जळजळ टिकून राहिली, वजन घटू लागले किंवा शौचातून रक्त गेले तर डॉक्टरांकडे जायलाच हवे.

ड जीवनसत्त्व प्रामुख्याने उन्हामुळे त्वचेतच तयार होते, आहारातून थोडेच मिळते. दिवसभर दुकानात किंवा कारखान्यात असणाऱ्यांना, तसेच सर्वांग झाकून वावरणाऱ्यांना ते कमी पडू शकते. त्यासाठीची 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एकदा, ठरावीक काळापुरती दिली जाते. ती रोज किंवा महिनोन्‌महिने घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते. भूक मंदावते, बद्धकोष्ठ आणि उलट्या सुरू होतात, मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. पोटाची तक्रार घेऊन जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्या-पुड्या डॉक्टरांना दाखवाव्यात.