उपाशी उंदीर पळत का सुटतो?

पिंजऱ्यात पळायचं चाक ठेवा आणि उंदराचं खाणं कमी करा. आपल्याला वाटेल, बिचारा कोपऱ्यात निपचित पडेल, उरलीसुरली ताकद जपेल. घडतं भलतंच. तो चाकावर चढतो आणि पळत सुटतो, भरल्या पोटी पळायचा त्याच्या कितीतरी पट. वेळीच आवरलं नाही, तर पळूनपळून जीवही गमावतो.

जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये योहानेस हेबेब्रांट आणि सहकाऱ्यांनी अशा उंदरांना लेप्टिन दिलं, आणि पळापळ ओसरली! हे 2000 साली प्रसिद्ध झालं. लेप्टिन हे चरबीच्या पेशींतून निघणारं संप्रेरक, 1994मध्ये सापडलेलं. कणगीत दाणे किती उरलेत, याची खबर ते मेंदूला देतं. चरबी आटली की तेही आटतं आणि मेंदू समजतो, दुष्काळ पडला. मग काटकसर सुरू होते. पाळी थांबते, नाडी मंदावते, हातपाय गार पडतात. पाय मात्र स्वस्थ बसत नाहीत. का? दुष्काळात बसून राहणारा मरतो, अन्न शोधत निघालेला वाचतो, असा एक तर्क आहे. तर्कच, पण मला पटतो.

अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा या स्वतःला उपाशी ठेवण्याच्या आजाराच्या रुग्णांमध्येही ही तगमग दिसते. हाडांचा सापळा झाला तरी वजन वाढण्याची धास्ती सुटत नाही, अंगात त्राण नसताना बसवत नाही. हा आजार मुलींमध्ये जास्त, पण मुलांनाही होतो आणि जिवावर बेततो. आपल्याकडे त्याला सर्रास ‘जेवायचे नखरे’ म्हणतात. नखऱ्यांनी कुणाची हाडं ठिसूळ होत नाहीत. 2019मध्ये सुमारे 17,000 रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास झाला. त्यात आजाराशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या आणि धागे मनोविकारांइतकेच साखर-चरबीच्या चयापचयाकडेही गेले. बारीक होण्याचं वेड, घरातले ताण, परिपूर्णतेचा हट्ट ही निमित्तं खरी, पण एकदा वजन घसरलं की उपासमारच आजाराला धरून ठेवते.

2020मध्ये हेबेब्रांट यांच्या चमूने आणखी एक नवल नोंदवलं. तीन गंभीर रुग्णांना कृत्रिम लेप्टिन दिल्यावर काही दिवसांतच उदासी हटली, डोक्यात सतत घोळणारे खाण्याचे विचार कमी झाले. एरवी भूक मारणारं हे संप्रेरक! अर्थात तिघांवरून उपचार ठरत नाही.

ड्रेस्डेनच्या संशोधकांना एमआरआयमध्ये या रुग्णांच्या मेंदूची साल पातळ झालेली दिसली. वजन वाढू लागल्यावर सुमारे तीन महिन्यांतच ती बरीचशी भरून आली. उपाशी मेंदूला समजुतीच्या गोष्टी फारशा पोचत नाहीत, म्हणून समुपदेशनाच्या जोडीला अन्न हवंच. मात्र घाई चालत नाही. प्रदीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खायला घातलं, तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरतं आणि हृदय दगा देऊ शकतं. त्यामुळे रुग्णालयात सुरुवातीचा आहार रक्त तपासत, बेताबेतानेच वाढवतात.