तपासणीची हद्द अच्छाडपर्यंत

खासगी रुग्णालयांवर देखरेख ठेवायला महाराष्ट्रात आजही १९४९चाच शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. अधिकारी आत शिरून पाहणी करू शकतो, दप्तर मागू शकतो. रुग्णाचे केसपेपर मात्र नाही. २०२१च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे सक्तीचे केले. बिल थकले म्हणून मृतदेह अडवता येत नाही, हेही त्याच सनदेत.

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीत महापालिका नाही, त्यामुळे तपासणी जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे. खरी गोम पुढेच आहे. तलासरीकडची अडलेली बाळंतीण राज्याच्या सीमेवरचा अच्छाड नाका ओलांडून वापीला नाहीतर सिल्वासाला नेली, की हा कायदाच मागे राहतो. तक्रार करायची तर मग गुजरातच्या किंवा दादरा-नगर हवेलीच्या दारात.