अपडेटनंतर ‘वॉर्निंग’ आली? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा



तळोद्यातल्या आमच्या शाळेच्या संगणक कक्षात एका जुन्या संगणकावर उबुंटू लिनक्स आहे. अपडेट केलं आणि पडद्यावर वॉर्निंगच्या आठ-दहा ओळी आल्या. कुणीतरी म्हणालं, “सर, संगणक गेला. फॉरमॅट मारून टाका.” त्यात मुलांनी आजी-आजोबांना विचारून टाइप केलेले भिली आणि पावरी शब्द होते. दुसरी प्रत कुठेच नव्हती. आणि खरं तर संगणकात बिघाड काहीच नव्हता! म्हणून आजचा हा पाठ.

कर्नल आणि मॉड्यूल म्हणजे काय?

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली तो लिहायला सुरुवात केली. मुलांना सांगताना ट्रॅक्टरचं उदाहरण घ्या. ट्रॅक्टर एकच, पण काम पाहून त्याला कधी नांगर, कधी ट्रॉली जोडतो. कर्नल हा ट्रॅक्टर, तर मॉड्यूल ही जोडायची अवजारं. पडदा, आवाज, वाय-फाय यांची मॉड्यूल वेगवेगळी असतात. अपडेटमध्ये नवा कर्नल आला, की त्याला जुळणारी मॉड्यूलही नवीन लागतात.

तीन संदेश ओळखा

१. ‘पॉसिबल मिसिंग फर्मवेअर’ : फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या चिपला लागणारी फाइल. इंटेलच्या ग्राफिक्ससाठीचं ‘आय ९१५’ हे एकच मॉड्यूल अनेक पिढ्यांच्या चिप सांभाळतं. त्यातल्या एखाद्या चिपची फाइल सापडली नाही, की ही ओळ येते. ती चिप तुमच्या संगणकात नसेलही! पडदा, आवाज, नेट नीट चालत असेल तर ही ओळ सोडून द्या. चालत नसेल तर ‘लिनक्स-फर्मवेअर’ हे पॅकेज अपडेट करा.

२. ‘टेंटिंग कर्नल’ : टेंट म्हणजे डाग. बाहेरून आणलेल्या, सही नसलेल्या मॉड्यूलची कर्नलने केलेली ही नोंद. हजेरीपटावर शेरा मारतो ना, तसंच. यामुळे फाइल खराब होत नाहीत. मात्र ‘सिक्युअर बूट’ चालू असेल तर असं मॉड्यूल नाकारलं जाऊ शकतं.

३. ‘डीकेएमएस’ आणि पुढे ‘एरर’ : इथे मात्र थांबा. बाहेरचं मॉड्यूल नव्या कर्नलसाठी तयार झालं नाही, असा याचा अर्थ. रीस्टार्टनंतर वाय-फाय बंद पडू शकतं. तरी फॉरमॅट नकोच! उबुंटू सहसा आधीचा कर्नल जपून ठेवतं. संगणक सुरू होताना ग्रब मेनूतल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन जुना कर्नल निवडा. संगणक पहिल्यासारखा चालतो, मॉड्यूलचं नंतर निवांत बघता येतं.

ओळीच्या सुरुवातीचं अक्षर बघायची सवय लावा. ‘डब्ल्यू’ म्हणजे वॉर्निंग, ‘ई’ म्हणजे एरर. पहिली सूचना, दुसरं अपयश.

खरा धोका कुठे?

अपडेट चालू असताना वीज गेली किंवा ‘डिस्कवर जागा नाही’ असा एरर आला, तर नवा कर्नल अर्धवट बसू शकतो. म्हणून डेस्कटॉपला यूपीएस असेल तेव्हाच, आणि लॅपटॉप चार्जिंगला लावूनच अपडेट करा. जागेचा एरर आला तर आधी जागा मोकळी करा, अपडेट पूर्ण होऊ द्या, मगच रीस्टार्ट करा.

एवढं लक्षात ठेवा

- अपडेटआधी मुलांच्या फाइल पेनड्राइव्हवर घ्या.
- संदेशाचा मोबाइलवर फोटो काढा.
- रीस्टार्टनंतर पडदा, आवाज, नेट, प्रिंटर तपासा.
- काही अडलं तर जुना कर्नल निवडून पाहा.

पुढच्या तासाला असा एखादा फोटो फळ्याशेजारी लावा आणि मुलांनाच विचारा, “ही ओळ काय सांगते?” लाल-पिवळी अक्षरं दिसताच घाबरायचं नाही, आधी वाचायचं, हे एकदा मुलांना जमलं की पुढे कुठल्याही यंत्रापाशी ती अडणार नाहीत. आमच्या मुलांचे शब्द आता दोन पेनड्राइव्हवर आहेत. तुमच्या मुलांचं काम आजच कॉपी करून ठेवा.